मंगळवारची शीळ

ही गोष्ट सन दोन हजारची. वर्ष उजाडताच जगातली सगळी यंत्रं एकदम बंद पडणार असा लोकांनी धसका घेतला होता, आणि काहीच बंद पडलं नाही तेव्हा पुष्कळांची जरा निराशाच झाली होती. हॅलोबाईंच्या छातीत यंत्र बसलं ते त्याच वर्षी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. डाव्या खांद्याजवळच्या हाडाखाली काड्यापेटीएवढा उंचवटा, त्यावर चिकटपट्टी, आणि आतून तीन तारा हृदयाकडे गेलेल्या. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "आता सहा महिने हे यंत्र चालू आहे की बंद, ते तुम्हाला कळणार नाही. मलाही नाही." बाईंनी हे आधी ऐकलं होतं. आठ पानी कागदावर वाचून, दोन शंका विचारून, मग सही केली होती. पण कागदावरचं यंत्र दुसऱ्या कोणाचं तरी असतं. आता ते कातडीखाली होतं, उशीवर डावीकडे वळलं की टोचत होतं, आणि ते जागं आहे की झोपलेलं हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं याच हॉस्पिटलच्या टेलिफोनच्या बोर्डावर 'हॅलो' म्हणत काढलेल्या बाईला लाइन चालू आहे की मेलेली ते कळू नये, याचं त्यांना भयंकर नवल वाटलं. भीती नाही वाटली. नवलच.

शेजारी बॅग धरून त्यांची नणंद उभी होती. शाळेत कवायतीची शिक्षिका म्हणून तीस वर्षं काढून रिटायर झालेली. मुली तिला पाठीमागे शिट्टीबाई म्हणत आणि पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागल्या. भाऊ गेल्यावर ती परत वहिनीकडे राहायला आली ती कायमचीच. "म्हणजे मला नीट कळू द्या," शिट्टीबाई म्हणाली. "मिक्सर आणायचा, भिंतीत पक्का ठोकून बसवायचा, आणि वायर काढून ठेवायची. असंच ना हे?"

"निम्म्या लोकांचं चालू, निम्म्यांचं बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कॉम्प्युटर ठरवतो. सहा महिन्यांनी पाकिटं फोडायची आणि मग सगळ्यांचीच चालू करायची."

"मग आत्ताच करा की सगळ्यांची."

"मग आलेला गुण यंत्राचा की समजुतीचा, ते कसं कळणार?"

"आमच्या वहिनीला समजुतीनं गुण येत नाही हो. हिची समजूत घालता घालता माझा भाऊ म्हातारा झाला."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पाकीट काही त्यांच्याकडे नव्हतं. ते होतं दुसऱ्या एका डॉक्टरकडे, जो एक सुटकेससारखा कॉम्प्युटर घेऊन यायचा, छातीवर एक चकती ठेवायचा, पडद्याआड काही बटणं दाबायचा आणि पेशंटशी चकार शब्द न बोलता निघून जायचा. त्याला बोलायची बंदीच होती. शिट्टीबाईनं घरी पोचायच्या आत दोघांची बारशी उरकली: हा माहीतवाला, आणि ती नाहीमाहीतवाली.

हे हॉस्पिटल मोठं नव्हतं. गावकऱ्यांनी उभं केलेलं, तीन मजली, ज्याच्या व्हरांड्यात अजून लाकडी बाकं होती आणि जिथला माळी पेशंटांना नावानं ओळखायचा. हॅलोबाई तिथं नोकरीला लागल्या तेव्हा हृदयाचा विभाग म्हणजे एक खोली, एक खाट आणि एक मोठे डॉक्टर. आता तळमजल्यावर पायातून नळी घालून हृदयापर्यंत पोचायची खोली होती, बाहेर लाल दिवा होता, आणि राजधानीतल्या मोठमोठ्या संस्थांबरोबर या छोट्या हॉस्पिटललाही अभ्यासात घेतलं होतं. चोवीस पेशंट देतो असं त्यांनी कबूल केलं होतं, बाई चोविसाव्या. पुन्हा योगायोग असा, की संशोधनाचं ऑफिस थाटलं होतं ते बरोबर जुन्या टेलिफोनच्या खोलीत. जिथं बोर्ड होता तिथं आता फायलींचं कपाट होतं, पण भिंतीतून केबल आत यायची ती भोकं कोणी बुजवली नव्हती. बाई पहिल्यांदा तिथं गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाई यंत्राचं सांगत होत्या आणि बाई त्या भोकांकडे बघत होत्या. हृदयाच्या दोन बाजू एकदम आवळल्या पाहिजेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुमची डावी बाजू उजवीच्या मागे रेंगाळते. दोघींनी मिळून चादर झटकताना एकीनं आधी आणि दुसरीनं मागाहून झटका दिला तर चादर नुसती वळवळते, झटकली जात नाही, तसं. हे बाईंना ताबडतोब पटलं. त्या आणि शिट्टीबाई दर रविवारी चादरी झटकायच्या, आणि शिट्टीबाई कायम घाई करायची.

घर तिसऱ्या मजल्यावर. एका मजल्याला अठरा पायऱ्या, आणि प्रत्येक मजल्यावर वळणापाशी एक खिडकी. वर्षभर बाई प्रत्येक खिडकीपाशी थांबत आल्या होत्या, बाहेर बघण्याचं निमित्त करून. पहिल्या खिडकीतून न्हाव्याच्या दुकानाची मागची बाजू दिसायची, दुसरीतून कोणाच्या तरी पाण्याच्या टाक्या, तिसरीतून नुसतं आभाळ. ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की आपण पहिली खिडकी न बघताच वर आलो. त्या तशाच मागे वळल्या, सहा पायऱ्या उतरल्या आणि खिडकीतून बघितलं. न्हावी टॉवेल वाळत घालत होता. वरून शिट्टीबाई ओरडली, "काय गं, विसरलं काय?" "काही नाही हो वन्सं," बाई म्हणाल्या. त्या नणंदेला अजून जुन्या रिवाजानं वन्सं आणि अहोजाहो करायच्या, आणि नणंद त्यांना सरळ अगंतुगं करायची. हा हिशोब चाळीस वर्षांत कोणी बदलला नव्हता.

अभ्यासाचा एक भाग असा होता, की दर मंगळवारी सकाळी दहा वाजता हृदयाची रेघ टेलिफोनवरून राजधानीला पाठवायची. त्यासाठी साबणाच्या वडीसारखी एक पेटी दिली होती. पेटी छातीवर दाबून धरायची, तिचं बटण दाबायचं आणि टेलिफोनचा रिसीव्हर तिच्या तोंडाशी न्यायचा. पेटी शीळ घालते, ती शीळ तारेवरून जाते आणि पलीकडे पुन्हा तिची रेघ होते. पहिल्या मंगळवारी शिट्टीबाईनं रिसीव्हर धरला, पलीकडची मुलगी "चालू करा" म्हणाली, आणि पेटीतून शीळ निघाली. बारीक, लांबलचक, मधेच वर चढणारी, लगेच खाली येणारी, पुन्हा चढणारी. एक मिनिटभर खोलीत तेवढाच आवाज होता. "ही काय किटली आहे काय?" शिट्टीबाई पुटपुटली. पण हॅलोबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्या अंगावर काटा आला होता. कारण अभ्यास आखणाऱ्यांनी सगळ्याची सोय केली होती. कागदाच्या रेघा पेशंटला दाखवायच्या नाहीत, माहीतवाल्यानं बोलायचं नाही, पाकिटं कुलपात. पण हृदय नुसत्या कानांनी वाचू शकेल असं माणूस पेशंटांत निघेल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसणार. आणि बाईंनी ती शीळ एकोणतीस वर्षांपूर्वी ऐकली होती. एकदा नाही, चौदा वेळा.

ते एकाहत्तर साल. मोठ्या डॉक्टरांनी कुठून तरी एक पेटी मिळवली होती, ही साबणाच्या वडीएवढी तर ती ट्रंकेएवढी. गावात हृदयाची रेघ काढता यायची पण अवघड रेघ वाचणारं माणूस राजधानीत. म्हणून ती रेघ ट्रंक कॉलवरून पाठवायची. मोठे डॉक्टर स्वतः बोर्डाच्या खोलीत आले, पगडी नसूनही पगडी घातल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "हॅलोबाई, लाइन लावून द्यायची आणि बाजूला व्हायचं. मधे यायचं नाही. ऐकायचं नाही." ऐकायचं नाही हा तर त्यांच्या धंद्याचा पहिलाच नियम. दोन माणसं जोडायची, पलीकडून आवाज आला की आपली कळ वर करून आपलं ऐकणं तोडायचं आणि हातात विणकाम घ्यायचं. लाइन रिकामी आहे की नाही तेही कानांनी ओळखायचं: वायरच्या टोकानं भोकाच्या कडेला हलकेच शिवायचं, कानात टक वाजली की समजायचं, लाइनवर कोणीतरी आहे. नाही वाजली तर जागा मोकळी. किती हजार वेळा त्यांनी ती टक ऐकली असेल! पण पहिलं हृदय गेलं त्या दिवशी त्यांनी कळ वर केली नाही. लाइन मधेच तुटली तर, असं कारण त्यांनी स्वतःला दिलं. खरं कारण एवढंच, की माणसाचं हृदय तारेतून कसं जात असेल ते त्यांना ऐकायचं होतं.

आणि ते असं जायचं: शीळ घालत. दुधवाल्याचं जाड आणि सावकाश. बाळंतिणीचं घाईघाईचं, चिमणीसारखं. प्रत्येकाची चाल वेगळी. सहाव्या की सातव्या खेपेला एक शिंपी आला, ज्याच्या छातीत राजधानीहून यंत्र बसवून आणलं होतं. सगळ्या गावात पहिलं. त्याच्या शिळेत प्रत्येक चढाच्या आधी एक बारीक टक होती. बाई चमकल्याच. अगदी बोर्डावरची टक. लाइनवर कोणीतरी आहे. यंत्र टोचणी देतं आणि मग हृदय उठतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण दोनदा ऐकल्यावर त्यांना ते विसरणं शक्य नव्हतं. घरी त्यांनी यातलं काही म्हणजे काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगितलं असतं तर ऐकते हे कळलं असतं, आणि मग ऐकणं बंद झालं असतं.

चौदावं हृदय मामंजींचं होतं. त्यांना चक्कर आली म्हणून दाखवायला आणलं होतं. शिळेचे दोन चढ यायचे, मग एक गाळलेला, मग एक भलताच रुंद आणि घोगरा, जणू कोणी दार पायानं ढकललं. रेघ संपली आणि राजधानीचे डॉक्टर म्हणाले, "आठ-दहा दिवस. फार तर." मोठे डॉक्टर म्हणाले, "बरं." त्या काळी घरच्यांना असलं सांगायची पद्धत नव्हती, मोठ्या डॉक्टरांनी मामंजींना गोळ्या दिल्या, विश्रांती घ्या म्हणाले आणि घरी पाठवलं. म्हणजे घरात ते फक्त हॅलोबाईंना ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद शाळेच्या मुली घेऊन दहा दिवसांच्या सामन्यांना निघाली होती. बत्तीस वर्षांची, गळ्यात शिट्टी, वडिलांच्या खुर्चीमागे उभी राहून त्यांचे केस विस्कटत म्हणत होती, "बाबा, कप आणला तर काय द्याल?" बाईंनी तिची बॅग भरली. एकाऐवजी दोन टॉवेल ठेवले. मग बॅग बंद करून तिच्या हातात दिली. सहाव्या दिवशी मामंजी खुर्चीतच गेले, मांडीवर वर्तमानपत्र उघडं. सामन्यांच्या गावी निरोपाचा ट्रंक कॉल लावायचा होता. तो लावला बाईंनीच. त्या वेळी मात्र त्यांनी नियम पाळला, पलीकडून आवाज येताच कळ वर केली आणि बोलायचं काम नवऱ्यावर सोडलं. तेव्हापासून वर्षातून एकदा तरी शिट्टीबाई म्हणायची, "कोणाला काय ठाऊक होतं गं! ठाऊक असतं तर गेले असते का मी?" आणि बाई म्हणायच्या, "हो ना."

तर आता हा मंगळवार. पेटी छातीवर, शीळ खोलीभर, आणि बाई कान देऊन टक शोधत होत्या. चढ आला, आधी काही नाही. पुढचा चढ, काही नाही. मिनिटभरात पासष्ट-सत्तर चढ आले असतील, एकाच्याही आधी टक नव्हती. लाइन मोकळी. पलीकडची मुलगी "थँक्यू" म्हणाली. बाईंनी पेटी खाली ठेवली आणि छातीवरच्या उंचवट्याला हळूच बोट लावलं. म्हणजे बंद. त्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली, तिला गंमत म्हणावं की काय म्हणावं हे बाईंना अखेरपर्यंत ठरवता आलं नाही. कारण तब्येत सुधारतच होती. एप्रिलमध्ये दुसरी खिडकी सुटली. पायांची सूज ओसरली, जुन्या चपला पुन्हा बसू लागल्या. शिट्टीबाई जिन्यात पायऱ्या मोजायची, "सोळा, सतरा, अठरा, शाब्बास!" आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना ऐकू जाईल असं म्हणायची, "यंत्राचा गुण बघा!" हॅलोबाई मनात म्हणायच्या, यंत्र तर बंद. मग वर चढवतंय कोण? समजूत? पण समजूत तर बंदचीच आहे. हे त्यांच्या डोक्यात दिवसभर घोळत राही. भाजी चिरताना, चादरीची दोन टोकं धरून उभं असताना, आंघोळीचं पाणी काढताना. एकदा दुसऱ्या वळणावर उभं राहून त्यांनी स्वतःला मुद्दाम स्पष्ट सांगितलं, बंद आहे बरं का, आणि मग पायऱ्या चढू लागल्या, पाय आता अडखळतील, मग अडखळतील, असं बघत. पाय आपले चढतच राहिले. वर पोचून त्यांनी मान खाली घालून आपल्या पावलांकडे पाहिलं, नवीन आलेल्या भाडेकरूकडे बघावं तसं. एके काळी त्यांना वाटायचं, आपलं शरीर म्हणजे आपलं घर. आता वाटायला लागलं, आपण या घरात एकटेच राहत नाही. आत आणखी कोणीतरी वावरतंय, आणि ते आपल्याशी बोलत नाही.

जूनमध्ये चालण्याची परीक्षा झाली. हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवायच्या आणि सहा मिनिटं खुर्चीला वळसे घालत चालायचं. डॉक्टरीणबाई घड्याळ घेऊन उभ्या. मार्चमध्ये बाई दोनशे तीस मीटर चालल्या होत्या. आता तीनशे चाळीस. डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकले, पण त्यांनी ओठ आवळून आकडा लिहिला. ती लकाकी बाईंनी बघितली. ही मुलगी इतकी जपून न-माहीत राहते, आणि इथं आपल्याला माहीत! लपवावं तर चोविसांतला एक आकडा खोटा. सांगावं तर आपलं नाव कापलं जाईल, तेविसांवर हॉस्पिटलची मान खाली जाईल, आणि पाकिटाआधीच हाकलून दिलेली पेशंट म्हणून आपण घरी. पण यातलं काही त्यांना खरं टोचत नव्हतं. टोचत होतं ते वेगळंच: एकदा असंच तोंड मिटून बॅग भरली होती.

आकडा फायलीत चढवायला सगळ्या ऑफिसात आल्या. "मला काही सांगायचं आहे," बाई म्हणाल्या. "ती शीळ. मला कळते."

"कळते म्हणजे?"

"यंत्र चालू असलं की ऐकू येतं. मी ऐकलं आहे पूर्वी. इथंच, याच खोलीत. म्हणजे मला आता ठाऊक आहे की..."

"थांबा!" डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे लोटली आणि दोन्ही हातांनी चक्क कान झाकले. "मला सांगू नका! एक शब्द नको!"

दारात उभी असलेली शिट्टीबाई म्हणाली, "अहो, कान तुम्ही कशाला झाकता? झाकायचे तर हिचे."

मग पुष्कळ वेळ चर्चा झाली. राजधानीला विचारणं झालं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. उलट शाळकरी मुलीसारखं कुतूहल त्यांच्या तोंडावर मावेना. बोर्ड कुठं होता, शिंप्याची टक कशी होती, सगळं त्यांनी विचारून घेतलं, फक्त एक सोडून. अखेर ठरलं ते असं, की बाईंनी काय ऐकलं ते कागदावर एका शब्दात लिहायचं, तारीख घालायची, पाकीट चिकटवून सही करायची. ते कुलपात जाईल. आकडे चालू राहतील, शेरा जोडला जाईल. "तुमचं नाव कापावं लागलं तर कापू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण लपवलं असतंत तर सगळंच कापावं लागलं असतं." बाईंनी लिहिलं: बंद. पुढच्या मंगळवारपासून कानांत कापसाचे बोळे घालून बसल्या. शिट्टीबाईनं रिसीव्हर धरला, हातानं खूण केली, झालं. कापसाआडून शीळ अगदी दूरची वाटायची, दुसऱ्या कोणाच्या घरातली.

सप्टेंबरमध्ये पाकिटं फोडली. जुन्या टेलिफोनच्या खोलीत सगळे जमले: डॉक्टरीणबाई, बाई, शिट्टीबाई, आणि पहिल्यांदाच तोंड उघडायची परवानगी मिळालेला माहीतवाला, ज्याचा आवाज अपेक्षेपेक्षा बराच बारीक निघाला. आधी बाईंचं पाकीट. बंद. मग कॉम्प्युटरचं. माहीतवाल्यानं कागद टेबलावर फिरवून ठेवला. चालू. पहिल्या दिवसापासून चालू.

"शक्य नाही," हॅलोबाई म्हणाल्या. "टक नव्हती. एकही नव्हती."

"टक म्हणजे कुठली?" शिट्टीबाईनं विचारलं. "ती शीळ वर जायच्या आधी बारीक यायची ती? होती की. दर वेळी होती."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. "मला वाटलं पेटीचीच खोड आहे," शिट्टीबाई म्हणाली. "मला कोणी विचारलं का?"

मग वरच्या मजल्यावर कानांच्या खोलीत नेऊन बाईंच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि तपासणी झाली. खालचे सूर ठीक होते. वरचे, बारीक, तीक्ष्ण आवाज दोन्ही कानांतून गेलेले. कधी गेले कोणास ठाऊक. चिमण्या कमी झाल्यात असं बाईंना चार-पाच वर्षं वाटत होतं खरं. डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि हसू लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुम्ही तर उलट्या बाजूनं साक्ष दिलीत," त्या म्हणाल्या. "यंत्र चालू होतं आणि समजूत बंद होती. असा पेशंट मला मागून मिळाला नसता." बाईंनाही हसू आलं, पण जरा उशिरा. चांगल्या धडधाकट कानांनी जो नियम मोडला होता, तो या म्हाताऱ्या कानांनी न सांगता पाळला होता. आणि इतके दिवस आत वावरणारं ते कोणीतरी लाइनवर होतंच. टक देत होतं. उचलणारं माणूस बहिरं होतं.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर दोघी रिक्षाची वाट बघत बसल्या. शिट्टीबाईनं चपला काढून पाय पसरले. "पण वहिनी, टक असायला हवी हे तुला सांगितलं कोणी?"

शिंप्याचं नाव घेऊन थांबता आलं असतं. शिंप्यावर गोष्ट पूर्ण झाली असती, आणि खोटीही ठरली नसती. बाईंनी खांद्याजवळच्या उंचवट्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मी चौदा हृदयं ऐकली वन्सं. शेवटचं मामंजींचं होतं." आणि सगळं सांगितलं. आठ-दहा दिवस हे शब्द सांगितले, मोठ्या डॉक्टरांचं 'बरं' सांगितलं, टॉवेल सांगितले. काही वगळलं नाही. ऐकायला मिळणं बंद होईल म्हणून गप्प बसले, हेसुद्धा.

शिट्टीबाई उठली. चपला न घालताच फाटकापर्यंत चालत गेली. फाटकाच्या गजाला धरून ती उभी राहिली, तिची पाठ कवायतीत असावी तशी सरळ. बाई बसून होत्या. त्यांना वाटलं, ही आता अशीच निघून जाईल, आणि आपण अठरा अठरा पायऱ्या मोजत एकटीनं वर जाऊ. रिक्षा आली, थांबली, दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेली. पुष्कळ वेळानं शिट्टीबाई परत आली. तळवे धुळीनं माखलेले.

"दोन टॉवेल," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, दोन कशाला? तू म्हणालीस, असू दे, लागतो."

"हो."

"आम्ही दुसरे आलो होतो. कप नाही मिळाला. मला वाटायचं, बरं झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही." ती बाकावर बसली, पण मधे एका माणसाची जागा सोडून. समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग एकदम मान वळवून तिनं विचारलं, आणि त्या विचारण्यात राग होता की नव्हता ते बाईंना तेव्हाही सांगता आलं नसतं. एवढंच, की आपण पहिल्या दिवशी बोर्डावर कळ खाली ठेवली तेव्हा आपलं तोंड असंच झालं असणार:

"कसा होता गं आवाज?"

बाईंनी ओठ ओले केले. एवढ्या वर्षांत त्यांनी शीळ घातली नव्हती. बायकांनी घालायची नाही असं त्यांना लहानपणी सांगितलेलं. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. मग आली. चढ, उतार. चढ, उतार. मग काहीच नाही, नुसती जागा. आणि मग तो रुंद, घोगरा, पायानं दार ढकलल्यासारखा. पुन्हा दोन चढ. व्हरांड्यात शिडीवर चढून दिवा बदलणारा वायरमन वरून बघू लागला. शिट्टीबाई डोळे मिटून ऐकत होती, आणि मांडीवर तिचं बोट हलत होतं, मोजत होतं. बाई थांबल्या तेव्हा ती म्हणाली, "परत." बाईंनी परत घातली.

पुढची हकीकत थोडी आहे. अभ्यास यशस्वी झाला. त्याच्या छापील निबंधात सर्वांत खाली, बारीक टायपात, या छोट्या हॉस्पिटलचं नाव आलं, आणि चोवीसच्या चोवीस आकडे धरले गेले. माहीतवाला दुसऱ्या देशात गेला. डॉक्टरीणबाई पुढं त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. नव्या अभ्यासाच्या कागदात पेशंटला काय काय ऐकू येतं हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या हातानं घातला, आणि का घातला ते विचारणाऱ्याला त्या भिंतीतली भोकं दाखवायच्या. मोठे डॉक्टर त्याआधीच वारले होते. शिंपी मात्र ऐंशी वर्षं जगला, तीन यंत्रं वापरून. पेटी परत करावी लागली. हॅलोबाई त्यानंतर नऊ वर्षं होत्या, एकदा यंत्र बदललं, आणि शेवटच्या वर्षापर्यंत तिसऱ्या खिडकीशिवाय कुठं थांबल्या नाहीत. तिथंही आभाळ बघायला. शिट्टीबाई अजून तिथंच राहते. आता तिलाही कमी ऐकू येतं, गुडघे कुरकुरतात, पण जिना चढताना ती पायऱ्या मोजत नाही. शीळ घालते. दोन चढ, एक गाळलेला, मग एक घोगरा. शेजाऱ्यांना वाटतं, एखाद्या जुन्या गाण्याची चाल असावी, आणि मधला सूर म्हातारपणामुळे तिच्याकडून सुटत असावा.